स्पीड टेस्ट ८ एमबीपीएस, पान उघडायला १५ सेकंद: व्हीसॅटवर काय तपासायचे, काय बदलायचे

तक्रार जवळपास सगळीकडून एकाच शब्दांत येते: "डाउनलोड नीट होतंय, पण साइटच उघडत नाही." माळावरचा पेट्रोल पंप असो, सौर प्रकल्पाची कंट्रोल रूम असो, साखर कारखान्याचे आडबाजूचे गट कार्यालय असो किंवा करमाळा-सांगोल्याकडच्या एखाद्या वस्तीवरचे सेवा केंद्र असो. फायबर आलेली नसते, मोबाइलची एक काडी येते-जाते, म्हणून छतावर व्हीसॅट, म्हणजे उपग्रहातून इंटरनेट देणारी डिश, बसते. मग पान हळू उघडते म्हणून ४ चा प्लॅन ८ चा होतो, ८ चा १६ चा होतो. बिल वाढते, पान मात्र पूर्वीइतकाच वेळ घेते.

कारण वेगात नाही, खेपांत आहे. उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या कोरड्या पट्ट्यात टँकर लागतो तेव्हा हिशेब खेपांवर होतो, कारण विहीर लांब असते. टँकर ५ हजार लिटरचा असो की १० हजारांचा, पहिली घागर भरायला लागणारा वेळ तोच. इथे विहीर ३६ हजार किलोमीटरवर आहे.

हिशेब

भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणारा, उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. इंटरनेटसाठी वापरला जाणारा भारताचा जीसॅट-११ हा ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे; सोलापुरातून त्याच्यापर्यंतचे तिरके अंतर सुमारे ३६,१०० किलोमीटर भरते. तुमची विनंती वर जाते, तिथून कंपनीच्या हबकडे, म्हणजे जमिनीवरच्या मुख्य केंद्राकडे, खाली येते, उत्तर पुन्हा वर जाते आणि तुमच्या डिशवर उतरते. चार टप्प्यांची ही एक खेप, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही ०.४८ सेकंद. त्यात मोडेमला पाठवण्याची पाळी मिळेपर्यंतचा वेळ आणि हबपासून पुढचा रस्ता धरला की पिंग, म्हणजे एका खेपेचा मोजलेला वेळ, ५५० ते ७०० मिलिसेकंद येतो. यापेक्षा कमी पिंगचे आश्वासन भूस्थिर जोडणीवर कुणी देत असेल तर ते ऐकून सोडून द्यावे. ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांची गोष्ट वेगळी, तिथे पिंग काही दहा मिलिसेकंदांत असतो. पुढचे सगळे भूस्थिर जोडणीबद्दल आहे.

आता एक नवी साइट उघडताना किती खेपा होतात ते मोजा. नावावरून पत्ता शोधणे, म्हणजे डीएनएस, १ खेप. सर्व्हरशी जोडणी करणे, म्हणजे टीसीपी, १. त्या जोडणीला कुलूप लावणे, म्हणजे टीएलएस: १.३ असेल तर १, जुने १.२ असेल तर २. मग पान मागणे १. चार खेपा गुणिले ६०० मिलिसेकंद म्हणजे २.४ सेकंद, आणि पडद्यावर अजून एक अक्षर नाही. त्यात बातम्यांची साइट असेल तर जाहिराती, फॉन्ट, मोजणीवाले, व्हिडिओवाले असे वीसतीस वेगळे पत्ते, आणि प्रत्येकाला जवळपास हेच सगळे पहिल्यापासून.

शिवाय टीसीपी पहिल्याच खेपेला गाडी भरून पाठवत नाही. साधारण १० पाकिटे, म्हणजे १४-१५ केबीने सुरुवात करते आणि प्रत्येक खेपेला दुप्पट करत जाते. १०० केबीची फाइल तीन खेपांत येते, १ एमबीची सात खेपांत. सात खेपा म्हणजे ४.२ सेकंद, मग प्लॅन ८ चा असो की ५० चा.

आधी मोजा, मग हात लावा

सगळे टॅब आणि इतर उपकरणे बंद करून कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरला २० वेळा पिंग करा. १ ते ५ मिलिसेकंद यायला हवेत. इथेच ५०-१०० येत असतील किंवा पाकिटे गळत असतील तर दोष आकाशात नाही, वायफायमध्ये आहे. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दोन भिंतींपलीकडे ठेवलेला राउटर हे नेहमीचे कारण. कामाचा संगणक केबलने जोडा आणि पुढे चला.

दुसरा पिंग ८.८.८.८ ला. ५५० ते ७०० आला तर जोडणी निरोगी आहे. १,५०० च्या वर जात असेल तर कुठेतरी रांग लागली आहे. हाच पिंग पहाटे ६ ला आणि रात्री ८ ला घेऊन कागदावर लिहून ठेवा. तुमच्याकडे सगळे बंद असताना पहाटे ६०० आणि रात्री १,८०० येत असेल तर ती गर्दी हबकडची आहे. घरातले कोणतेही सेटिंग ती हटवणार नाही. ती कंपनीशी बोलण्याची बाब.

तिसरी मोजणी सगळ्यात बोलकी असते. क्रोममध्ये एफ१२ दाबा, 'नेटवर्क' निवडा, 'डिसेबल कॅश'वर टिक करा, पान उघडा, यादीतल्या पहिल्या ओळीवर क्लिक करून 'टायमिंग' पाहा. चांगल्या चालणाऱ्या व्हीसॅटवर साधारण असे आकडे दिसतात: डीएनएस लुकअप ६२०, इनिशियल कनेक्शन ६६०, त्यातले एसएसएल (टीएलएसचेच जुने नाव) ६५०, वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स ७१०, कंटेंट डाउनलोड ३०. दोन सेकंदांपैकी प्रत्यक्ष माल उतरायला लागले ३० मिलिसेकंद. प्लॅन दुप्पट केला तर त्यातले १५ वाचतील. बाकी सगळा वेळ खेपांचा.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. इनिशियल कनेक्शनमधून एसएसएल वजा करा. वरच्या उदाहरणात उरतात १० मिलिसेकंद. पिंग ६०० असताना जोडणी १० मिलिसेकंदांत कशी झाली? तर पलीकडच्या सर्व्हरच्या वतीने तुमच्याच मोडेमने "हो, जोडले" असे उत्तर दिले. हाच टीसीपी ॲक्सिलरेटर. तांत्रिक भाषेत पेप म्हणतात. बहुतेक व्हीसॅट मोडेममध्ये तो असतो. वजाबाकी करून ६०० च्या आसपास उरत असेल, तर तो बंद आहे, त्याला जोडणीची उत्तरे द्यायला लावलेले नाही, किंवा तुम्हीच त्याला बायपास केले आहे.

ॲक्सिलरेटर बायपास होतो तो इथे

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि बघितले जाते ते सगळ्यात शेवटी.

पहिला संशयित व्हीपीएन, म्हणजे कार्यालयापर्यंतचा कुलूपबंद बोगदा. मुख्य कार्यालयाने संगणकावर व्हीपीएन बसवून दिलेले असते आणि सगळी रहदारी त्याच बोगद्यातून जाते. मोडेमला आत टीसीपी आहे हे दिसतच नाही, मग तो मदत काय करणार? व्हीपीएन बंद करून वरची मोजणी पुन्हा करा. फरक दिसला तर 'स्प्लिट टनेल' मागा: कार्यालयाचे पत्ते तेवढे बोगद्यातून, बाकीचे थेट. कार्यालयाचे काम स्वतःच हळू असेल तर व्हीपीएन मोडेमच्या पुढे, म्हणजे ॲक्सिलरेटरनंतर लावता येईल का ते सेवा देणाऱ्या कंपनीला विचारा. फुकटचे 'प्रायव्हसी' व्हीपीएन कुणी ब्राउझरमध्ये टाकून ठेवले असेल तर ते सरळ काढून टाका.

दुसरा संशयित क्विक, म्हणजे पाने आणण्याची नवी पद्धत, एचटीटीपी/३. फायबरवर तो जलदच, कारण जोडणी आणि कुलूप एकाच खेपेत उरकतो. पण तो टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालतो आणि आतून बाहेरून कुलूपबंद असतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर त्याला हात लावू शकत नाही. जोडणीत एक खेप वाचते, पण पुढे मोठी फाइल उतरताना तो एकटाच ६०० मिलिसेकंदांशी झगडतो. बंद करून बघा: क्रोमच्या फ्लॅग्ज पानावर 'एक्स्परिमेंटल क्विक प्रोटोकॉल' शोधा, 'डिसेबल्ड' करा, 'रीलाँच' दाबा. मोबाइलसकट सगळ्यांसाठी बंद करायचा असेल तर राउटरच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणारे यूडीपी ४४३ पोर्ट अडवा. 'ड्रॉप' नको, 'रिजेक्ट' ठेवा, म्हणजे ब्राउझर वाट बघत न बसता लगेच टीसीपीवर येतो.

पण याचा नियम करू नका. ज्या जोडणीवर ॲक्सिलरेटर नाही तिथे क्विक चालू ठेवणेच फायद्याचे. रोजच्या वापरातली पाच पाने दोन्ही प्रकारे तीन-तीन वेळा उघडून मोजा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि अंदाजाने सेटिंग फिरवण्यापेक्षा बरे.

एकाच्या अपलोडने सगळे अडकतात

व्हीसॅटवर अपलोड अरुंद असतो, अनेक प्लॅनमध्ये ५१२ केबीपीएस ते १ एमबीपीएस. कुणाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की मोडेमची रांग तुंबते. मग दुसऱ्याच्या ब्राउझरची इवलीशी विनंतीही त्या रांगेच्या शेपटाला उभी राहते. पिंग ६०० वरून ३,००० वर जातो आणि लोक म्हणतात, "नेट गेलं." ओळखायला सोपे: एका संगणकावर पिंग चालू ठेवा आणि घरातली उपकरणे एकेक करून वायफायवरून तोडत जा. ज्याला तोडल्यावर आकडा खाली आला तो चोर.

फोनमध्ये फोटो बॅकअप आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप रात्रीवर किंवा 'नेव्हर'वर ठेवा, व्हॉट्सॲपचे मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. विंडोजमध्ये ही जोडणी 'मीटर्ड कनेक्शन' म्हणून चालू करा. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये इंटरनेटवरच्या संगणकांना अपडेट देणे बंद ठेवा, पण 'लोकल नेटवर्क'चा पर्याय चालू ठेवा; केंद्रात चार संगणक असतील तर एकाने उतरवलेले अपडेट बाकीच्यांना घरातच मिळते. क्लाउडवर चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही व्हीसॅटवर लावू नये. चित्रण डीव्हीआरमध्येच राहू द्या.

राउटर ओपनडब्ल्यूआरटी या मोफत प्रणालीवर चालत असेल तर रांग आटोक्यात ठेवणारे एसक्यूएम पॅकेज टाकून त्यात 'केक' ही पद्धत निवडा. मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्के मर्यादा द्या: अपलोड ५१२ असेल तर ४३५, डाउनलोड ८,००० असेल तर ६,८००. इथे एक खाच आहे. व्हीसॅटचा वेग संध्याकाळी घसरतो आणि पावसात तर आणखी घसरतो. पहाटेच्या आकड्यावर मर्यादा बेतली तर रात्री रांग पुन्हा मोडेममध्येच तुंबेल आणि एसक्यूएम नावापुरते उरेल. म्हणून रात्री ८ चा आकडा धरा.

डीएनएसची खेप घरातच उरकावी

हा सगळ्यात स्वस्त उपाय. राउटरमध्येच डीएनएसचा साठा ठेवला की एकदा शोधलेला पत्ता पुढच्या सगळ्यांना १-२ मिलिसेकंदांत मिळतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या डीएनएसमास्कमध्ये कॅशचा, म्हणजे साठ्याचा, आकार १०,००० करा आणि किमान टीटीएल, म्हणजे पत्ता साठ्यात राहण्याचा वेळ, ६०० ते १,८०० सेकंद ठेवा. जास्त ताणू नका: एखाद्या साइटने पत्ता बदलला तर तेवढा वेळ ती बंदच दिसेल. जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय मोकळा असेल तर त्यावर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर चालवून 'प्रीफेच' आणि 'सर्व्ह एक्स्पायर्ड' चालू करा. नेहमीच्या साइटचे पत्ते संपण्याआधीच ताजे होतात आणि डीएनएसची वाट बघणे जवळपास संपते.

एवढे करूनही 'डीएनएस लुकअप' ६०० च दाखवत असेल, तर ब्राउझर तुमच्या राउटरला न विचारता परस्पर बाहेर विचारतो आहे. क्रोममध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'सिक्युरिटी', तिथे 'यूज सिक्युअर डीएनएस' बंद करा. फायरफॉक्समध्ये हाच पर्याय 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' नावाने आहे.

पानातले पाहुणे कमी करा

जाहिरात अडवणे इथे चैनीची गोष्ट नाही. वीस अनोळखी पत्ते अडवले की वीस जोडण्या वाचल्या. फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन, ही व्हीसॅटसाठी आजची सगळ्यात चांगली जोडी. क्रोममध्ये आता त्याची 'लाइट' आवृत्तीच चालते; तीही चालेल, पण पुढची दोन सेटिंग फायरफॉक्सचीच. 'ब्लॉक मीडिया एलिमेंट्स लार्जर दॅन' चालू करून ५० केबी तसेच राहू द्या. मोठ्या चित्राच्या जागी चौकट दिसते, हवे ते क्लिक करून उतरवा. 'ब्लॉक रिमोट फॉन्ट्स'ही चालू करा. काही साइटवर चिन्हांच्या जागी ठोकळे दिसतील, त्यांना सूट द्या. त्याच यादीत 'डिसेबल प्री-फेचिंग' आपोआप टिक केलेले असते. डेटाची मर्यादा सैल असेल तर ती टिक काढा, म्हणजे ब्राउझर पुढच्या पानाची तयारी आधीच करू शकतो.

निव्वळ वाचण्यासाठी फोनवर ऑपेरा मिनी अजूनही उपयोगी आहे. त्यांचा सर्व्हर पान गोळा करून, दाबून, एका गठ्ठ्यात पाठवतो. बँकेचे काम त्यातून करू नये.

आता जुन्या सल्ल्यांबद्दल. उघडलेली पाने साठवून ठेवणारी स्क्विड प्रॉक्सी बसवा, असे अजून सांगितले जाते. साइट साध्या एचटीटीपीवर होत्या तेव्हा ते खरे होते. आता जवळपास सगळे कुलूपबंद आहे, स्क्विडला आतले दिसत नाही, साठवणार काय? क्रोमचा 'लाइट मोड' २०२२ मध्येच बंद झाला. जीमेलचे साधे एचटीएमएल रूप २०२४ मध्ये गेले. टपालासाठी थंडरबर्ड लावून आयमॅपने मेल उतरवून घ्या, वाचताना एकही खेप लागत नाही. आणि "संगणक स्लो झाला, कॅश साफ कर" ही सवय व्हीसॅटवर सगळ्यात महाग पडते. जे एकदा ३६ हजार किलोमीटरवरून आणले ते रोज संध्याकाळी झाडून टाकून सकाळी पुन्हा मागवायचे.

एकच डाउनलोड ०.९ एमबीपीएसवर अडकते

जुन्या विंडोजवर कुणीतरी 'इंटरनेट बूस्टर' चालवून टीसीपीची खिडकी, म्हणजे एका खेपेत येऊ शकणारा माल, ६४ केबीवर बांधून ठेवलेली असते. ६४ केबी दर ०.६ सेकंदाला, म्हणजे ०.८७ एमबीपीएस, प्लॅन कितीही असो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'नेटश इंटरफेस टीसीपी शो ग्लोबल' टाइप करा. 'रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंग लेव्हल'पुढे 'नॉर्मल' असायला हवे. 'डिसेबल्ड' असेल तर 'नेटश इंटरफेस टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल=नॉर्मल'.

काम करण्याची पद्धत

सेवा केंद्रात अर्ज भरताना पान अडकले की लोक पुन्हा पुन्हा 'सबमिट' दाबतात. पहिली विनंती अजून आकाशात असते. दुसरीने सत्र तुटते किंवा अर्ज दोनदा जातो. १५ सेकंद थांबा. जोडायची कागदपत्रे १५० डीपीआय, करड्या रंगात स्कॅन करा. फोनने काढलेला ४ एमबीचा फोटो ५१२ केबीपीएसवर एक मिनिटाहून जास्त घेतो, २०० केबीची पीडीएफ तीन-चार सेकंदांत जाते. नेहमी लागणारी तीन-चार पोर्टले सकाळीच उघडून टॅबमध्ये ठेवा. शोध घेताना एकेक दुवा उघडून मागे येऊ नका. कंट्रोल धरून पाच दुवे एकदम उघडा. पाचही एकाच वेळी खेपा मारतात, पहिला वाचेपर्यंत बाकीचे तयार असतात. शाळेत विकिपीडिया लागत असेल तर नेटशिवाय वाचता येणारे किविक्स ॲप टाकून मराठी विकिपीडियाची फाइल एकदाच उतरवून घ्या.

दोष खरोखर डिशचाच असेल तर

निरभ्र दिवशी मोडेमच्या स्टेटस पानावरचा सिग्नलचा आकडा, एसएनआर, लिहून मोडेमलाच चिकटवून ठेवा. आजचे मोडेम सिग्नल पडला तरी जोडणी तोडत नाहीत, हळू पण खात्रीच्या पद्धतीवर उतरतात. त्यामुळे दिवे सगळे हिरवे आणि नेट मात्र रखडलेले, असे होते. पाऊस नसताना आकडा २-३ डेसिबलने खाली असेल तर आधी डिशमागचे केबलचे स्क्रू-कनेक्टर पाहा: पाणी शिरून आतली तार हिरवी पडली की बदलायचे, वर रबराची टेप गुंडाळायची.

मग खांब हलला आहे का ते पाहा. केयू बँडच्या (व्हीसॅटवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या लहरींच्या) १.२ मीटर डिशचा झोत जेमतेम दीड अंशाचा असतो. डिशची एक कड दीड-पावणेदोन सेंटिमीटर सरकली तरी सिग्नल निम्मा होतो, आणि मे महिन्यातल्या वावटळीला तेवढे पुरते. बोल्टवर रंगाची खूण करून ठेवली असेल तर सरकलेले लगेच कळते. पण डिश स्वतः फिरवू नका: ती पाठवतेही, आणि चुकीच्या दिशेने पाठवले तर शेजारच्या उपग्रहावरच्या लोकांची जोडणी बिघडते. ते काम कंपनीच्या इंजिनिअरचे.

कडुलिंबावर कुऱ्हाड चालवण्याआधी एवढे बघा. सोलापुरातून ७४ अंशावरचा उपग्रह जवळजवळ दक्षिणेला आणि तब्बल ६९ अंश उंच दिसतो. डिशपेक्षा ५ मीटर उंच झाड दक्षिणेला दोनअडीच मीटरच्या आत असेल तरच आड येते. त्यापलीकडचे झाड निर्दोष आहे. ऑफसेट डिश, म्हणजे जिचा सिग्नल पकडणारा डबा मधोमध नसून खालच्या कडेकडे असतो ती, दिसायला क्षितिजाकडे वाकलेली वाटते, त्यावरून अंदाज चुकतो.

वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपता संपता, भर दुपारी साडेबाराच्या सुमारास काही मिनिटे जोडणी जाते आणि लागोपाठ काही दिवस तशीच जाते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहामागे आलेला असतो. मोडेम रीस्टार्ट करू नका, डिशला हात लावू नका. डिशवरून परतलेला उन्हाचा उजेड तेव्हा एलएनबीवर, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरच्या डब्यावर, एकवटतो; तो सरकला की नेट येते.